अकरा ओळींची दुरुस्ती

सोमवार, ३ मार्च

ही वही बायकोने आणली. म्हणाली, "माझ्याशी बोलत नाहीस, निदान हिच्याशी बोल. आणि बोलताना पाय हलवू नकोस." दुसरी अट काही जमणार नाही. डावा पाय आपोआप हलतो, त्याने टेबल हलतं, ऑफिसात समोर बसणाऱ्यांचा चहा सांडतो. पोटाच्या डॉक्टरांनीही गोळ्या लिहून देताना म्हटलं होतं, डोक्यातलं कागदावर काढा. तर काढतो.

डोक्यात सध्या एकच गोष्ट आहे, डायलिसिस सेंटर. त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही केलं, म्हणजे खरं तर मी केलं. वीस मशीन, दोनशेवर पेशंट, प्रत्येकाची एक नोंद. त्यात वजन, रक्तदाब, औषधं, मशीन नंबर, फिल्टर, सगळं. चालू होऊन महिना झाला आणि रोज आठ-दहा फोन येतात. सगळे एकाच निरोपावरून. "ही नोंद मधल्या वेळात दुसऱ्या कोणीतरी बदलली आहे. पुन्हा उघडा आणि आपले बदल पुन्हा भरा."

अहो, निरोप बरोबरच आहे! याला आमच्यात ऑप्टिमिस्टिक लॉकिंग म्हणतात. आशावादी कुलूप. म्हणजे कुलूप लावायचंच नाही. दोघांनी एकच नोंद उघडली तर उघडू द्यायची, बहुतेक वेळा टक्कर होत नाही अशी आशा धरायची. फक्त प्रत्येक नोंदीला एक आवृत्तीचा आकडा असतो. मी ४१वी आवृत्ती उघडली आणि जतन करायला गेलो तेव्हा तिथे ४२ दिसली, तर मध्ये कोणीतरी हात मारून गेलंय. मग प्रोग्राम अडतो. अडायलाच हवा, कारण प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये आम्ही जो दुभाषी बसवलाय, ओआरएम म्हणतात त्याला, तो जतन करताना त्या नोंदीची अख्खी ओळ नव्याने लिहितो. तुम्ही एकच रकाना बदललात तरी बाकीचे सगळे रकाने तुमच्या पडद्यावर होते तसे.

हे सगळं मी मोठ्या सिस्टरना फोनवर समजावून सांगितलं. मोठ्या सिस्टर म्हणजे तिथल्या मुख्य नर्स, तीस वर्षं नोकरी झालेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अहो कॉम्प्युटरवाले, माझ्या एका हातात सुई आहे. दुसऱ्या हाताने किती वेळा पुन्हा भरू तेवढं सांगा."

 मी फोन ठेवला. राग आला.

बुधवार, ५ मार्च

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मालक म्हणजे आमच्या आठ जणांच्या कंपनीचे सर्वेसर्वा. मी आवृत्तीचं सांगायला लागलो तर हात वर करून म्हणाले, "मला कारण नको. फोन बंद करून दे. सेंटरच्या संचालकबाई वैतागल्यात. करार मोडतील."

वीस मिनिटं लागली. प्रोग्राममध्ये नव्या अकरा ओळी. जतन करताना टक्कर झाली की पडद्याला कळवायचंच नाही. गुपचूप ताजा आकडा आणायचा, आपल्या नोंदीवर चिकटवायचा आणि पुन्हा जतन करायचं. दुसऱ्या खेपेला कोणी अडवत नाही. आपल्या माहितीसाठी लॉगच्या, म्हणजे प्रोग्रामच्या रोजनिशीच्या, फाइलमध्ये एक ओळ टाकायची, झालं.

क्षणभर मनात आलं की ज्याने आधी भरलं त्याचं काय? पण तिथे दोघी दोन कामं करतात. सिस्टर वजन भरतात, टेक्निशियनबाई मशीन नंबर भरतात. कोण कशाला कोणाच्या वाटेला जातंय? आणि ते ४१ आणि ४२ बघत बसायला माझ्याशिवाय आहे कोण! संध्याकाळच्या आत टाकून मोकळा झालो.

शुक्रवार, १४ मार्च

फोन शून्य. सलग सहा दिवस. मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, "बघा, वीस मिनिटांत केलं. तुम्ही लोक महिनाभर चर्चा करत बसता." मान खाली घालून हसलो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी येताना सुट्टीची तिकिटं काढली. बारा ते चौदा एप्रिल, समुद्र. बायकोला चकित करायचं होतं. तिकिटं बघून ती म्हणाली, "त्या आठवड्यात शाळेत परीक्षा आहेत. मला सुट्टी नाही मिळणार. सांगितलं होतं ना तुला?" मी म्हटलं, "सांगितलंच नव्हतंस." ती म्हणाली, सांगितलं होतं. मी म्हटलं, नाही. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, कामच तसलं आहे माझं. पाचेक मिनिटं झाल्यावर ती उठून आत गेली. तिकिटं टेबलावरच आहेत.

शुक्रवार, २८ मार्च

सेंटरमध्ये काल एक पेशंट कोसळला. सगळे त्यांना शिंपीकाका म्हणतात, दुकान अजून चालवतात. मशीनवर असतानाच रक्तदाब एकदम खाली गेला, शुद्ध हरपली. आता इस्पितळात आहेत, धोका टळलाय म्हणे.

झालं असं की काकांची तब्येत सुधारली होती, अंगावर मांस चढलं होतं. म्हणून मंगळवारी डॉक्टरांनी फेरीत सांगितलं, यांचं ठरवलेलं वजन बासष्टवरून साडेत्रेसष्ट करा. या वजनापर्यंत येईतो मशीन अंगातलं पाणी काढतं. गुरुवारी नोंदीत बासष्टच होतं. म्हणजे दीड लिटर पाणी जास्त काढलं गेलं.

डॉक्टर म्हणतात, मी सांगितलं. मोठ्या सिस्टर म्हणतात, मी तिथल्या तिथे भरलं. संचालकबाईंनी आम्हाला विचारलं, कॉम्प्युटर काय म्हणतो?

मी डेटाबेस उघडून बघितला. मंगळवार, शेवटचा बदल ९ वाजून १४ मिनिटांनी, टेक्निशियनबाईंच्या नावाने, मशीन नंबर बदलल्याचा. वजन बासष्ट. सिस्टरांचं नाव कुठेच नाही. अर्ध्या पानाचा अहवाल लिहिला. "मुख्य परिचारिकेने वजनात बदल केल्याची नोंद आढळली नाही." सही करून पाठवला. जे दिसलं ते लिहिलं.

सोमवार, ३१ मार्च

सेंटरला जावं लागलं, प्रिंटर जोडायला. तिथला तो मशीनचा एकसारखा घुंऽघुं आवाज माझ्या डोक्यात बसतो. वीस खुर्च्या, वीस माणसं, हाताला नळ्या लावून छताकडे बघत बसलेली.

मोठ्या सिस्टर स्वतःहून आल्या. मला वाटलं आता तोफ डागणार. पण हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही नीट बघितलंत ना?"

"बघितलं, सिस्टर."

"मला भरल्याचं आठवतंय हो. त्रेसष्ट टिंब पाच. टिंब द्यायचं राहिलं म्हणून खोडून परत भरलं, तेसुद्धा आठवतंय."

मी म्हटलं, "कधीकधी दुसऱ्या पेशंटचं आठवतं आपल्याला. होतं असं." धीर द्यायला म्हटलं होतं मी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडे. म्हणाल्या, "हो. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल."

प्रिंटर जोडायला दहा मिनिटं लागतात, मला चाळीस लागली. सारखं उठून खिडकीशी जात होतो.

शुक्रवार, ४ एप्रिल

पोटात जळजळ. गोळ्या बदलल्या. बायको तिकिटांबद्दल म्हणाली, "बरं, नसेन सांगितलं. रद्द कर आता." भांडण मिटलं एकदाचं. पण मिटल्यासारखं वाटत नाही. का कोण जाणे.

बुधवार, ९ एप्रिल

मोठ्या सिस्टरांनी राजीनामा दिला. टेक्निशियनबाईंचा फोन आला होता दुसऱ्याच कामासाठी, बोलता बोलता त्यांनी सांगितलं. कोणी काढलं नाही हं, चौकशीत फक्त लेखी ताकीद मिळाली होती. त्या स्वतःच म्हणाल्या, "मला आता माझ्या डोक्याचा भरवसा राहिला नाही, पेशंटच्या जिवाशी खेळ नको." मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या म्हणे. त्यांनी चित्रं ओळखायला लावली, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. सगळं बरोबर आलं. तरी ऐकत नाहीत. कामावरही आता रिक्षाने येतात. औषध देताना बाटलीवरचं नाव चार-चार वेळा वाचतात, आणि मग ज्युनिअर नर्सला वाचायला लावतात.

"पंधरा तारीख शेवटची," बाई म्हणाल्या. "आम्हाला काम शिकवणारी बाई ती. आम्ही हळहळ करण्यापलीकडे काय करणार?"

मी म्हटलं, वय होतं शेवटी प्रत्येकाचं. फोन ठेवला आणि जिना चढून वर गेलो, परत खाली आलो, परत वर गेलो. काम काहीच नव्हतं.

शुक्रवार, ११ एप्रिल

घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर राहू दे.

सकाळी मालक म्हणाले, सेंटरच्या सर्व्हरची डिस्क भरलीय, जुन्या लॉग उडवून टाक. उडवण्यापूर्वी सहज बघितलं, एवढं भरलं कशाने? फाइल उघडली. प्रत्येक जतनाची, नाकारलेल्याचीही, छोटी ओळ असतेच, पण मधे मधे एकच लांबलचक ओळ. पुन्हा पुन्हा तीच. "टक्कर. नवा आकडा घेऊन पुन्हा जतन केले." त्याच्यामागे जतन करणाऱ्याची सगळी नोंद, जुनी आणि नवी, रकान्यागणिक. ती ओळ मीच टाकली होती. आपल्या माहितीसाठी! पाच आठवड्यांत मी एकदाही वाचली नव्हती.

 मंगळवार शोधला, २५ मार्च.

९:१२. मोठ्या सिस्टर. शिंपीकाकांची नोंद. वजन ६३.५. आवृत्ती ४१ची ४२ झाली. जतन झालं. व्यवस्थित झालं.

९:१४. टेक्निशियनबाई. त्यांच्या पडद्यावर नोंद नऊ वाजल्यापासून उघडी होती, ४१वी, वजन बासष्टवाली. त्यांनी मशीन नंबर बदलला. टक्कर झाली. इथे प्रोग्रामने अडायला हवं होतं, निरोप दाखवायला हवा होता, बाईंनी नोंद पुन्हा उघडली असती, साडेत्रेसष्ट दिसले असते. माझ्या अकरा ओळींनी ४२चा आकडा आणून जुन्या नोंदीवर चिकटवला आणि अख्खी ओळ वर लिहून टाकली. बासष्ट. आणि "शेवटचा बदल कोणी केला" या रकान्यातून सिस्टरांचं नावही पुसलं.

मग त्याच रकान्यात बघून मी सही करून दिली की नोंद आढळली नाही. हे काम शिकून आलेल्या पोराला पहिल्या महिन्यात सांगतात, टक्कर झाली तर जुना माल नव्या आकड्याने खपवायचा नाही. मी चौदा वर्षं हे काम करतोय.

त्या अकरा ओळी पहिल्यांदा काढल्या. निरोप परत सुरू केला. लॉगची प्रत घेतली. मग मोजल्या. अशा टकरी तीनशे सहा.

मालकांना सांगितलं फक्त, "लॉग अजून उडवायच्यात." ते म्हणाले, "कर की मग."

शनिवार, १२ एप्रिल

आज समुद्रावर असायला हवं होतं. बायको पेपर तपासतेय. मी स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात. खरं खरं लिहायचं तर लिहितो. काल रात्रीपासून डोक्यात एकच हिशोब चाललाय. प्रत माझ्याकडे आहे, मूळ फाइल सोमवारी जाईल. माझी प्रत मी पुसली तर कोणालाही कधीही कळणार नाही. सिस्टरांची निवृत्ती वर्षभरावर आलेलीच होती. ओळी काढल्यात, पुढे कोणाचं नुकसान नाही. आणि सांगितलं तर करार जाईल, नोकरी जाईल, आठ जणांची कंपनी बसेल. असा सगळा पाढा वाचला. शेवटी प्रत्येक वेळी त्या स्वतःच्या बोटांकडे बघतानाच दिसतात.

बायकोला विचारलं, "तू परीक्षांचं सांगितलं होतंस ना?"

तिने मान वर केली नाही. "दोनदा. पण तू इतक्या खात्रीने नाही म्हणालास की मलाच वाटायला लागलं, नसेन सांगितलं. चार दिवस तेच आठवत होते मी, कुठे उभं राहून सांगितलं, तू काय करत होतास."

"काय करत होतो?"

"हो म्हणालास. लॅपटॉपमध्ये बघत."

मी माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे, आणि पुढचा पेपर घेतला.

सोमवार, १४ एप्रिल

मालकांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पांढरा पडला. पहिला प्रश्न, "कोणाकोणाला माहितीय?" मी म्हटलं, तुम्हाला आणि मला. ते म्हणाले, "मग झालं. दुरुस्त केलंस ना? अहवाल गेलाय, ताकीद गेलीय, आता ते उकरून काय मिळणार आहे? पेशंट वाचलाय. बाई स्वतःच जातेय, आपण थोडंच काढलं?"

"बाकी तीनशे पाच नोंदी आहेत, सर. कोणाचं औषध बदललेलं असेल, कोणाचं वजन."

"आपल्याच नावाने बोंब मारायची?"

मी म्हटलं, "उद्या सकाळी मी सेंटरला जातोय. यादी घेऊन." ते म्हणाले, मग परत इकडे येऊ नकोस. हे रागाने म्हणाले की खरंच, ते कळलं नाही. विचारलंही नाही. दुपारभर प्रिंटरसमोर उभा होतो. तेहतीस पानं.

मंगळवार, १५ एप्रिल

दुपारचे दोन वाजलेत. सेंटरसमोरच्या चहाच्या दुकानात बसून लिहितोय.

आधी संचालकबाईंना भेटलो. यादी समोर ठेवली. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग फोन उचलून डॉक्टरांना बोलावलं आणि मला म्हणाल्या, "आज ज्यांची पाळी आहे त्यांच्या नोंदी आधी दाखवा." अर्ध्या तासात चार नोंदी निघाल्या. एकाचं रक्त पातळ करायचं औषध कमी केलेलं, ते पुन्हा जास्त झालेलं. तो माणूस तेव्हा सहा नंबरच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता. डॉक्टर धावत बाहेर गेले.

मोठ्या सिस्टर कपाट रिकामं करत होत्या. मी जाऊन उभा राहिलो. सगळं पाठ केलं होतं, आवृत्ती, टक्कर, अकरा ओळी. तोंडातून निघालं ते एवढंच. "सिस्टर, तुम्ही भरलं होतं."

त्यांना कळलं नाही. "काय?"

"साडेत्रेसष्ट. मंगळवारी, नऊ वाजून बारा मिनिटांनी. तुम्ही भरलं होतं. माझ्या प्रोग्रामने ते पुसलं. आणि मी न बघता लिहून दिलं."

"परत सांगा."

परत सांगितलं. कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावला आणि त्या ओळीवर बोट ठेवून वाचली, ९:१२, त्यांचं नाव, ६३.५. त्याच्यावरची ओळ होती ९:११, तीही त्यांचीच, ६३५. प्रोग्रामने एवढं वजन घेतलंच नव्हतं. टिंब राहिलेलं.

त्या खाली बसल्या. मला वाटलं रडतील. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "होतं असं, म्हणालास. दुसऱ्या पेशंटचं आठवतं, म्हणालास." पहिल्यांदाच मला अरे-तुरे केलं. "तीन आठवडे मी रात्री उठून बघते की दार लावलंय का. अरे, माझ्या पोरीचं नाव तोंडातल्या तोंडात म्हणून बघते मी, विसरले तर नाही ना म्हणून."

मी म्हटलं, "मला माफ करा."

"ते नंतर बघू." त्यांनी पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "माझे मिस्टर आहेत. माझं त्यांना पटणार नाही. तू सांग."

मी सांगितलं. उभ्या उभ्या, पाय न हलवता. कॉम्प्युटरची चूक नव्हे, माझी चूक, असं दोनदा सांगितलं.  

मग ते म्हणाले, "म्हणजे तिला स्कूटरची किल्ली परत देऊ ना मी?"